फवारणीची ‘सवय’ होते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

गिरणाकाठ
मंडळी, कपाशीवर तिसरी फवारणी चालू आहे आणि घरात तोच वाद पुन्हा सुरू. आमचा सालदार कित्येक वर्षांपासून पाठीवर पंप घेतोय. मी आणलेले हातमोजे खळ्यातल्या खुंटीवर लटकलेत, मास्क कुठे गेला देव जाणे. काही बोललं की उत्तर ठरलेलं: “दादा, आमले सवय पडी गयी शे. पहिले पहिले डोकं दुखे, मयमय व्हये, आते काहीच व्हत नही.” आणि खरंच त्याला काही होताना दिसत नाही. मी नुसता बांधावर उभा राहिलो तरी संध्याकाळी जेवण जात नाही.

प्रश्न सरळ आहे. ही सवय खरी असते का? दारूची होते, तंबाखूची होते, तशी औषधाची होते का? होत असेल तर आत, पेशीत, रेणूत नक्की काय बदलतं? ‘काळजी घ्या, आंघोळ करा’ छाप उत्तरं नकोत. ती डब्यातल्या कागदावर मुंगीच्या अक्षरात छापलेली असतातच. बारावी सायन्स झालंय, थोडंफार कळतं.

बोंडअळी_चोपडा
सवय अळीला पण झालीय भो, म्हणून तर तिसरी फवारणी.

केळीबागवाला
पहिल्याच प्रतिसादात धागा संपला.

रसायनवाले_सर
संपला कसला, तिथूनच सुरू होतो. अळीला ‘सवय’ होते म्हणजे एकेका अळीला होत नाही. ज्यांच्या शरीरात औषध पचवणारी एन्झाइम जास्त असतात किंवा जिथे औषध चिकटतं ती जागाच थोडी वेगळी असते, त्या वाचतात, बाकीच्या मरतात. पुढची पिढी वाचलेल्यांची. माणसाला हा मार्ग परवडणारा नाही, हे सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. गिरणाकाठ, कोणतं औषध मारताय ते सांगितलं नाहीस, पण कपाशीवर प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस यांतलं काहीतरी असणार असं धरून चालतो. ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट. आपल्या नसांच्या टोकाला ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते पुढच्या स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देतं. निरोप दिला की लगेच ते मोडून टाकावं लागतं. ते काम ॲसिटाइलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम करतं आणि भयंकर वेगाने करतं, एक रेणू सेकंदाला हजारो रेणू मोडतो.

शेतातल्या मोटरचा स्टार्टर आठव. हिरवं बटण दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद. ॲसिटाइलकोलीन हे हिरवं बटण, एन्झाइम हे लाल. ऑर्गॅनोफॉस्फेट काय करतं, तर त्या एन्झाइमच्या गाभ्यात सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, त्यालाच जाऊन चिकटतं. लाल बटण जाम. मोटर चालूच. मग लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, जुलाब, छातीत कफ, स्नायू थरथरणं, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकून बसतात. अळीतही हेच एन्झाइम आहे, म्हणून अळी मरते. निसर्गाने दोघांसाठी वेगवेगळे स्टार्टर बनवले नाहीत.

केळीबागवाला
सर, आमच्या फीडरवर लाल बटणाची गरजच पडत नाही. लाईट जाते, मोटर आपोआप बंद.

बोंडअळी_चोपडा
=)) आणि रात्री दोनला येते, तेव्हा बिबट्याला कोण सांगेल सवय कर म्हणून.

वॉर्डातली_ताई
सरांनी जे शेवटच्या दोन ओळींत लिहिलं ते मी दर पावसाळ्यात बघते. सरकारी रुग्णालयात नोकरी, जिल्हा सांगत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर आमच्याकडे ‘फवारणीवाले’ असा वेगळा शब्दच आहे. माणूस येतो तो घामाने निथळलेला, तोंडाला फेस, आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. बाहुली बघितली की डॉक्टरांना बाकी फार विचारावं लागत नाही.

दोन गोष्टी सांगते, कारण गावाकडची माणसं वाचतायत. एक, येताना दूध, तूप, लिंबूपाणी पाजून आणू नका. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते फुप्फुसात जातं. त्यापेक्षा अंगावरचे कपडे काढा आणि साबणपाण्याने अंग धुवा, कारण ओल्या शर्टातून औषध आत जायचं थांबलेलं नसतं. आम्ही ॲट्रोपीनचा उतारा देत असतो आणि वरून शर्ट नवं औषध देत असतो, असं होतं. दोन, डबा किंवा निदान त्यावरचा कागद बरोबर आणा. ‘लाल डब्यातलं’ एवढ्यावरून काही कळत नाही.

आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला म्हणून दुसऱ्या दिवशी पळवून नेऊ नका. एक ते चार दिवसांनी काही जणांना मान उशीवरून उचलता येत नाही, मग श्वास अडखळतो. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं. मान उचलून दाखव, हे आम्ही सकाळ-संध्याकाळ करायला लावतो. नातेवाइकांना वाटतं ताई व्यायाम घेतेय.

गिरणाकाठ
ताई, खूप उपयोगी. सर, समजलं. पण माझा प्रश्न तसाच राहिला. आमच्या गड्याला यातलं काहीच होत नाही. त्याचं लाल बटण जास्त दणकट आहे का?

केळीबागवाला
मी सांगतो. काही होत नाही कारण काही होतच नाही. माझ्या चुलत्याने उभं आयुष्य फवारलं, त्यांच्या वयाच्या माणसांत अजून सर्वांत ताठ तेच चालतात. शहरातल्या लोकांना शेतकरी विषारी वाटायला लागलाय. गावात दारू आणि गुटख्याने किती जातात ते मोजा आधी. आणि भावावर कोणी धागा काढत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

पारोळ्याचे_नाना
मी पाहिलेलं सांगतो. आम्ही डीडीटी पावडर हाताने कालवली आहे. मास्क हा शब्द ऐकला नव्हता. हिवतापाचे लोक घरात भिंतीवर मारून जायचे, त्याच भिंतीला टेकून आम्ही भाकरी खाल्ली. आज वय ऐंशीच्या पुढे. सकाळी गावाबाहेर चालून येतो.

पेशीवेडी
(बायोकेमिस्ट्री, एमएस्सी दुसरं वर्ष, माहेर अमळनेर, म्हणजे अजून लग्न नाही पण सगळे असंच विचारतात.)

नाना, तुम्ही शंभरी गाठा. पण यात डीडीटीचा मोठेपणा नाही, पावडरचा आहे. कोरडी डीडीटी कातडीतून फारशी आत जातच नाही. तेलात विरघळवलेली असती तर गोष्ट वेगळी असती. आणि ती वेगळ्या ठिकाणी काम करते, नसेतल्या सोडियमच्या दारांवर. तिचा खरा त्रास असा की ती चरबीत जाऊन बसते, वर्षानुवर्षं राहते आणि आईच्या दुधातून पुढे जाते. शेतीसाठी ती १९८९ ला बंद झाली, हिवतापासाठी चालू राहिली.

आता गिरणाकाठचा प्रश्न. सवय खरी असते, आणि तीच भीतीदायक आहे. ॲसिटाइलकोलीनचा निरोप ज्या प्रथिनांवर पोचतो त्यांना रिसेप्टर म्हणतात. निरोपांचा भडिमार रोज होत राहिला तर पेशी त्यांतले काही रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेते, नवे कमी बनवते. उंदरांना ऑर्गॅनोफॉस्फेटचा थोडाथोडा डोस रोज देऊन हे तपासलेलं आहे. सुरुवातीला थरथर, लाळ, जुलाब. काही दिवसांनी उंदीर वरवर ठीक. पण मेंदूतलं एन्झाइम मोजलं तर ते खालीच! म्हणजे विष पचवायची ताकद वाढली नाही, फक्त ऐकू येणं कमी झालं. लक्षणं गेली, तूट राहिली.

त्यामुळे तुमच्या गड्याचं डोकं दुखत नाही याचा अर्थ त्याच्या एन्झाइमचा साठा भरलेला आहे असा नाही. साठा अर्ध्यावर असेल आणि त्याला कळत नसेल. मग एखाद्या दिवशी नोझल तुंबलं, तोंडाने फुंकलं, थोडं जास्त गेलं, की ‘काल तर बरा होता’ असा माणूस ताईंच्या वॉर्डात.

बोंडअळी_चोपडा
नोझल तोंडाने फुंकतात हे तुला अमळनेरात बसून कसं कळलं?

पेशीवेडी
वडील शेतकरी आहेत. आणि तार नाही तर झाडूची काडी घ्या, असं आई रोज ओरडते.

केळीबागवाला
उंदरांचं सोडा. माणसाचं बोला.

रसायनवाले_सर
माणसाचं घ्या. तेच एन्झाइम आपल्या लाल रक्तपेशींवरही असतं, म्हणून रक्तात मोजता येतं. लाल पेशीला केंद्रक नसतं, ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. बिघडलेलं एन्झाइम घेऊनच ती आपले १२० दिवस काढते. नवी पेशी येईल तेव्हा नवं एन्झाइम. म्हणून लाल पेशींमधलं प्रमाण ढोबळमानाने दिवसाला १ टक्का याच वेगाने भरून येतं. आता तुमच्या फवारण्यांमधलं अंतर किती? दहा-बारा दिवस? मग पहिल्या फवारणीची तूट भरत नाही तोवर दुसरी, तिच्यावर तिसरी. हिशेब शाळेतला आहे.

कॅलिफोर्नियात कायदाच आहे. हंगामाआधी माणसाचं रक्त तपासून त्याचा स्वतःचा मूळ आकडा काढतात, कारण माणसामाणसात हा आकडा खूप वेगळा असतो. त्यापेक्षा २० टक्के खाली गेला की कामाची पद्धत तपासायची. लाल पेशीतलं एन्झाइम ३० टक्के खाली गेलं की माणसाला फवारणीवरून काढायचं, आणि मूळच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंत परत घ्यायचं नाही. तिथे कोणी ‘तुला कसं वाटतंय’ हे विचारून ठरवत नाही.

केळीबागवाला
कॅलिफोर्नियात मजुराला काय रोज मिळतो तेही लिहा सर. आणि माझे चुलते?

पेशीवेडी
काकांचंही कारण असू शकतं. रक्तात पॅराऑक्सोनेज नावाचं दुसरं एन्झाइम असतं. काही ऑर्गॅनोफॉस्फेटचा विषारी अवतार नसांपर्यंत पोचायच्या आधीच ते मोडतं. कोणाकडे ते भरपूर, कोणाकडे कमी, जनुकांवर आहे. काका नशीबवान घराण्यातले असतील. पण लहान बाळांमध्ये ते फारच कमी असतं, मोठ्यांइतकं व्हायला काही वर्षं जातात. म्हणजे एकाच घरात काका ताठ आणि नातवाला त्रास, हे शक्य आहे.

‘विषारी अवतार’ म्हटलं त्याचीही गंमत आहे. क्लोरपायरीफॉस डब्यात असतं तेव्हा त्या एन्झाइमला फारसं चिकटत नाही. आपलंच यकृत त्यातला गंधक काढून तिथे ऑक्सिजन बसवतं, आणि मग ते जहाल होतं. म्हणून कधीकधी त्रास संध्याकाळी सुरू होतो, शेतात नाही.

गिरणाकाठ
अच्छा! म्हणजे माझं रात्रीचं जेवण न जाणं हे यकृताचं काम?

वॉर्डातली_ताई
ते औषधाचं की नुसत्या वासाचं, हे इथे बसून कोणी सांगू नये. पुन्हा झालं तर दाखवून घ्या.

शहादा_सेंद्रिय
इतकं सगळं वाचून एकच वाटतं. रसायनं सोडा. मी सगळं बंद केलंय. दशपर्णी, निंबोळी अर्क, तंबाखूचा काढा. निसर्गातलं निसर्गाला मारत नाही.

रसायनवाले_सर
निंबोळीला नमस्कार. पण तंबाखूच्या काढ्याबद्दल थांबा. त्यातलं निकोटीन हे ॲसिटाइलकोलीनच्याच एका जातीच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, कातडीतून सहज आत जातं, आणि माणसाला चांगलंच लागतं. ओली तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना उलट्या-चक्कर येतात, त्याला नावही आहे, हिरव्या तंबाखूचा आजार. तुम्ही काढा कालवताना हात उघडे ठेवत असाल तर मोनोक्रोटोफॉसवाल्याला हसू नका.

पेशीवेडी
आणि निसर्गातलंच आणखी एक, अफलाटॉक्सिन. ओलसर राहिलेला शेंगदाणा, मका, मिरची यांवरची बुरशी बनवते. ते यकृतात गेलं की यकृत पुन्हा तोच उद्योग करतं, त्याला ‘सक्रिय’ करतं, आणि ते डीएनएमधल्या ग्वानीनला जाऊन चिकटतं. पी-५३ नावाचं जनुक, जे पेशीला बेलगाम वाढू देत नाही, त्यात ठराविक जागी चूक होते. यकृताच्या कॅन्सरमध्ये ती चूक सापडते.

बोंडअळी_चोपडा
नंदुरबारची मिरची पण गेली हातातून. आता शेवभाजीत घालायचं काय?

पेशीवेडी
मिरची नीट वाळलेली घ्या, झालं. शेवभाजीला हात लावणारी मी कोण!

पुण्यातला_खान्देशी
शेवभाजीवरून आठवलं. इथे मंडईत बामणोदची म्हणून भरीताची वांगी विकतात, ती बामणोदची नसतात हा वेगळा विषय. पण वांग्यावर सगळ्यात जास्त औषध मारतात म्हणतात, खरं का? मिठाच्या पाण्यात ठेवलं की जातं का?

केळीबागवाला
आला, शहरी प्रश्न आला!

दुकानदार_एरंडोल
मी कृषी केंद्र चालवतो, म्हणून बोलतो. वांग्यावर शेंडे आणि फळ पोखरणारी अळी असते, त्यामुळे मारावं लागतं हे खरं. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस २००५ पासून बंद आहे, तरी गिऱ्हाईक मागायला येतं. मिठाच्या पाण्याने वरचं थोडं धुतलं जातं. जे आंतरप्रवाही औषध आहे ते झाडाच्या रसात असतं, ते धुऊन जाणार कसं? त्याला उपाय एकच, फवारणी आणि तोडणी यांच्यात जितके दिवस लिहिलेत तितके थांबणं. भाव चढला की कोणी थांबत नाही. तुम्ही भरीत करताना साल काढताच, तेवढा फायदा.

पण मला मूळ विषयात एक भर घालायची आहे. लोक दुकानात येऊन म्हणतात, “दोन-तीन मिक्स करी द्या, कडक.” घरी बादलीत स्वतः मिसळतात ते वेगळंच. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रीन ४ टक्के असा तयार डबा तर सरकारमान्य आहे आणि खूप खपतो. सर, दोन मिसळल्यावर माणसाला लागतं ते एक अधिक एक दोनच का?

रसायनवाले_सर
फार नेमका प्रश्न. उत्तर: दोनापेक्षा जास्त.

सायपरमेथ्रीन हे पायरेथ्रॉइड. नसेतलं सोडियमचं दार उघडं धरून ठेवतं. फवारताना गालाला, ओठाला मुंग्या येऊन आग होते ना, ती त्याचीच. माणूस ते पचवू शकतो, कारण आपल्या यकृतात आणि इतर ठिकाणी कार्बॉक्सिलेस्टरेज नावाची एन्झाइम असतात, ती त्याचे तुकडे करतात. आता ऑर्गॅनोफॉस्फेट फक्त नसेतल्याच एन्झाइमला चिकटतं असं नाही, ते या कार्बॉक्सिलेस्टरेजलाही चिकटतं. म्हणजे एकाने येऊन दुसऱ्याला पकडणारे हातच बांधले. अळीतही हेच होतं, म्हणूनच मिश्रण ‘कडक’ लागतं. जे कारण अळीसाठी फायद्याचं, तेच फवारणाऱ्यासाठी तोट्याचं.

२०१७ ला यवतमाळमध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, दमट हवा, मिश्रणं, आणि दिवसचे दिवस फवारणी. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, पण मिश्रणांमुळे डॉक्टरांनाही नेमकं कशावर उपचार करायचा हे कळेना.

वॉर्डातली_ताई
अगदी. ॲट्रोपीन लाळ-घाम-कफ आवरतं. प्रॅलिडॉक्सिम, आम्ही ‘पाम’ म्हणतो, ते चिकटलेलं औषध एन्झाइमवरून उपटायचा प्रयत्न करतं. पण वेळ गेला की चिकटलेला भाग घट्ट होऊन बसतो, मग पाम काही करू शकत नाही. काही औषधांत हे तीन-चार तासांतच अर्ध्याहून जास्त एन्झाइममध्ये होऊन जातं, काहींत दिवसभराच्या वर लागतं. गावातून गाडी मिळेपर्यंत तीन-चार तास कसे जातात, वेगळं सांगायला नको. आणि सायपरमेथ्रीनवर तर असा उतारा नाहीच, लक्षणं सांभाळायची.

धरणगावची_माई
सगळे पुरुषांच्या पंपावर बोलतायत. मी वाचत होते गुपचूप, आता लिहिते. फवारलेले कपडे कोण धुतं? ओल्या कपाशीत निंदायला कोण जातं? वेचणीला कोण? फवारणीच्या दुसऱ्या दिवशी बायका शेतात असतात, पानं हाताला, पोटाला घासतात. त्यांना कोणी मास्क आणून खुंटीवर टांगलेला मी तरी पाहिला नाही. वेचताना लेकरू बांधावर झाडाखाली झोपवलेलं. मागे सरपण फुंकून चूल. त्याचं पण सांगा की पोरी काहीतरी.

पेशीवेडी
माई, नमस्कार. कपड्यांचं आधी: वेगळे धुवा, साबण किंवा धुण्याचा सोडा वापरा. ऑर्गॅनोफॉस्फेट अल्कलीत लवकर तुटतात. नुसत्या पाण्याने तेलकट औषध जात नाही. आणि धुताना हातमोजे तुम्ही घाला, ते खुंटीवरचे.

चुलीच्या धुराचं: त्यात बेंझोपायरीन नावाचं एक असतं, लाकूड-गोवऱ्या अर्धवट जळल्या की बनतं. ते स्वतः फारसं काही करत नाही. शरीर त्याला बाहेर टाकायला विरघळणारं करू बघतं, आणि त्या भानगडीत मधला एक टप्पा असा तयार होतो जो थेट डीएनएच्या ग्वानीनला चिकटतो. क्लोरपायरीफॉसचं जे सांगितलं त्याच प्रकारचं, घाण काढायला गेलेलं शरीर घाण जास्त करून बसतं. बहुतेक वेळा दुरुस्ती होते. रोज चार तास धूर असेल तर दुरुस्तीची पाळी वाढते, आणि चूक राहून जायची शक्यताही.

केळीबागवाला
माई बरोबर बोलल्या. वेचणीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या केळीत ते नसतं.

केळीचं निघालंच आहे तर लोक विचारतात म्हणून सांगतो. रावेर-यावलचा माल हिरवा जातो, पिकवणं पुढे होतं. इथिलीन गॅसच्या खोलीत पिकवायला परवानगी आहे, कार्बाइडवर बंदी आहे. कार्बाइडच्या गॅसपेक्षा त्यात मिसळलेल्या आर्सेनिक, फॉस्फरसचा धोका. पिवळंधमक साल आणि हिरवं देठ दिसलं की आम्हाला शिव्या देऊ नका, ज्याने पिकवलं त्याला द्या.

दुकानदार_एरंडोल
माईंनी कपड्यांचा विषय काढला म्हणून आणखी एक. रिकामे डबे. मी परत द्या म्हणतो, कोणी देत नाही. घरात धान्याला, तेलाला वापरतात. २०१३ ला बिहारात छपऱ्याजवळ शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली, तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. डब्याला भोकं पाडून मगच टाका.

पारोळ्याचे_नाना
आमच्या काळी टिनाचे डबे कोणी फेकत नव्हतं. झाकण चांगलं घट्ट बसायचं. आमच्या घरात एक अजून आहे, त्यात खिळे असतात.

बोंडअळी_चोपडा
नाना, खिळेच राहू द्या.

गिरणाकाठ
काल संध्याकाळी गड्याला खळ्यात बसवून हे सगळं सांगितलं. रिसेप्टर वगैरे नाही, ‘डोकं दुखणं बंद झालं म्हणजे अंगाने ओरडणं सोडलं, मार चालूच आहे’ एवढंच. तो बराच वेळ विडी न पेटवता बसला. मग म्हणाला, “ते खरं व्हई. पण पंप पाठवर गये, त्यानं काय?” पंपाच्या झाकणाची वायसर झिजलीय. वाकलं की औषध मानेवरून पाठीत, पाठीतून विजारीत. मी इतके दिवस मास्कच्या मागे लागलो होतो, पाठ कधी पाहिलीच नाही.

सर, नाकातून जास्त जातं की कातडीतून?

रसायनवाले_सर
फवारणीत बहुतेक वेळा कातडीतून. आणि सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या जुन्या ऑर्गॅनोफॉस्फेटवर स्वयंसेवकांच्या कातडीवर केलेलं मोजमाप १९७१ साली छापलं गेलं. हाताच्या पुढच्या भागातून साधारण ९ टक्के आत गेलं, तळहातातून १२, कपाळातून ३६, काखेतून ६४, आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. तेव्हा गळकं झाकण आणि भिजलेली विजार म्हणजे काय, ते तुमचं तुम्ही ओळखा. घाम आणि उकाडा असला की आणखी जास्त. आपल्याकडचा ऑक्टोबर आठवा.

केळीबागवाला
ऑक्टोबरात प्लास्टिकचा झगा घालून दुपारी फवारून दाखवा सर, मग मानतो. माणूस औषधाने नंतर मरेल, उकाड्याने आधी.

रसायनवाले_सर
दुपारी फवारायचंच नाही. सकाळी दहाच्या आत, वारा पाठीमागून. झगा नको, पण पाठीवर पंपाच्या खाली एक प्लास्टिकचा तुकडा बांधता येतो.

वॉर्डातली_ताई
आणि हातमोजे फवारताना नाही जमले तरी कालवताना घालाच. बादलीत ओततो ते पाणी न मिसळलेलं औषध असतं, सगळ्यात जास्त हातावर तिथेच सांडतं. कापडी नको, नायट्राइलचे, निळे असतात ते. कापडी मोजा आणि कापडी मास्क भिजले की औषध धरून ठेवतात.

गिरणाकाठ
ताई, ती रक्ताची तपासणी आपल्याकडे होते का?

वॉर्डातली_ताई
होते, ‘कोलिनेस्टरेज’ म्हणून सांगायचं. मोठ्या खाजगी लॅबमध्ये बहुतेक वेळा रक्तद्रवातलं मोजतात, सर म्हणतात ते लाल पेशीतलं सहसा नाही. तरी चालेल. पण आत्ता करून फार अर्थ नाही, तुमच्याकडे त्याचा मूळ आकडा नाही. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी, जूनच्या सुरुवातीला एकदा करा, मग सप्टेंबरात पुन्हा त्याच लॅबमध्ये.

दुकानदार_एरंडोल
झाकणाची वायसर कुठल्या पंपाची हवी ते लिहा. सोळा लिटरच्या बॅटरी पंपाची वेगळी, जुन्या हातपंपाची वेगळी. लोक चुकीची नेतात आणि पुन्हा सुतळी गुंडाळतात.

गिरणाकाठ
जुना हातपंप, सोळा लिटरचाच. आत्ता सुतळीच गुंडाळलेली आहे.

केळीबागवाला
दोन ठेवा भाऊ. एक मला लागेल.